टोकाचं स्टेशन हलतं तेव्हा



या व्याख्यानमालेतलं प्रत्येक भाषण पुढे छापून निघतं. सभागृहात ऐकणाऱ्यांपेक्षा ते घरी बसून वाचणारेच संख्येने जास्त असतात. म्हणून आज मी सुरुवातीपासूनच 'वाचकहो' असं म्हणणार आहे. समोर बसलेल्यांनी राग मानू नये. तेही दोन महिन्यांनी वाचकच होणार आहेत.

विषय कळवला तेव्हा कार्यवाहांनी जरा थांबून विचारलं होतं, 'साहित्याच्या व्याख्यानमालेत रेल्वे?' मी म्हटलं, हो, रेल्वेच. कारण टोकाचं स्टेशन, ज्याला आपण टर्मिनस म्हणतो, ते एका जागेवरून दुसऱ्या जागी जातं तेव्हा नक्की काय काय हलतं, हे समजून घेण्याची पाळी आज आपल्या गावावर आली आहे. आणि जे हललं त्याची नोंद ठेवणं हे तर लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांचंच काम आहे.

लहानपणी मुंबईची आत्या पंजाब मेलने यायची. तिला उतरवून घ्यायला आम्ही स्टेशनवर जात असू. सामान खाली येण्याआधी आजीचा पहिला प्रश्न ठरलेला असे, 'दादरला चढलीस की व्ही.टी.ला?' दादरला चढली म्हणजे उभ्याने किंवा ट्रंकेवर बसून आली, व्ही.टी.ला चढली म्हणजे खिडकी मिळाली. टोकाच्या स्टेशनाचा अर्थ मला त्या एका प्रश्नाने शिकवला. जिथून गाडी निघते तिथल्या माणसाला जागा मिळते, मधल्या स्टेशनावरच्या माणसाला उरलेलं मिळतं. टर्मिनस कुठे असावं, हा प्रश्न म्हणूनच नुसत्या सोयीचा नसतो. जागा कोणाला मिळणार, हे त्यावर ठरतं.

टर्मिनस हलवल्याची बातमी एका ओळीत देता येते. 'अमुक तारखेपासून गाडी अमुक स्थानकाऐवजी तमुक स्थानकातून सुटेल.' पण त्या ओळीच्या मागे तीन प्रश्न असतात आणि ते बातमीत येत नाहीत. पहिला, गाडी मुक्कामाला कुठे जाणार? तिला धुणं, पाणी भरणं, चाकं तपासणं, डबे दुरुस्त करणं हे ज्या यार्डात किंवा कारशेडमध्ये होतं, त्याचं काय? दुसरा, गाडीची वाट कुठून जाणार? आणि तिसरा, जुन्या वाटेवरची कोणती स्टेशनं गळणार? हे तीन प्रश्न हाताशी ठेवून आपण आधी मुंबईला जाऊ, मग लंडनला, आणि शेवटी आपल्या घोसीपुऱ्याला परत येऊ.

आजीच्या त्याच पंजाब मेलपासून सुरुवात करू. रेल्वेच्या सांगण्याप्रमाणे ती १ जून १९१२ रोजी पहिल्यांदा धावली. ही तारीखही अंदाजाने काढलेली आहे. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात एका चिडलेल्या प्रवाशाने गाडी दिल्लीला काही मिनिटं उशिरा पोचली म्हणून तक्रार केली होती. जुन्या कागदांत ती तक्रार सापडली, म्हणून गाडीचा जन्म मागे मोजता आला. तक्रारअर्ज लिहिणाऱ्यांनी धीर सोडू नये, शंभर वर्षांनी का होईना, त्याचा उपयोग होतो.

ही गाडी तेव्हा व्ही.टी.हून सुटत नसे. ती बॅलार्ड पिअर मोल या धक्क्यावरच्या स्टेशनातून सुटे. विलायतेहून टपाल आणि साहेबलोक घेऊन पी. अँड ओ. कंपनीची आगबोट धक्क्याला लागायची आणि बोटीतून उतरलेला माणूस गाडीत बसायचा. बोटीचं आणि गाडीचं तिकीट एकत्रच काढता येत असे. गाडी इटारसी, भोपाळ, झाशी, ग्वाल्हेर, आग्रा, दिल्ली, लाहोर करत पेशावरला जाई. २,४९६ किलोमीटर, ४७ तास. डबे सहा, त्यातले तीन टपालाचे आणि तीन प्रवाशांचे, मिळून फक्त ९६ जागा. एका टोकाला समुद्रपार जाणारी बोट, दुसऱ्या टोकाला खैबर खिंडीच्या तोंडाशी असलेलं गाव, आणि मध्ये आपलं ग्वाल्हेर. आज ज्याला आपण आंतरराष्ट्रीय टर्मिनस म्हणू, ते बॅलार्ड पिअर होतं, आणि त्याची गाडी आपल्या दारावरून जात होती.

दोनच वर्षांनी, १९१४ मध्ये, गाडीचं टोक बॅलार्ड पिअरहून व्हिक्टोरिया टर्मिनसला आलं. नकाशावर बघितलं तर अंतर जेमतेम दीड-दोन किलोमीटर. पण गाडीचा स्वभाव बदलायला तेवढं पुरलं. जी गाडी बोटीची वाट बघत उभी राहायची, ती आता शहराची वाट बघू लागली. व्ही.टी.त गिरणगावचा माणूसही चालत येऊ शकत होता. तिसऱ्या वर्गाचे डबे तिला लागायला तिसाव्या दशकाचा मध्य उजाडला, पण त्याची दिशा टोक शहरात आलं तेव्हाच ठरली होती. मग वाडीबंदरचं यार्ड, तिथले धुणारे, पाणी भरणारे, गाडीखाली वाकून हातोडीने चाक ठोकून आवाज ऐकणारे, हे सगळे या गाडीचे आप्त झाले. आत्याला मिळालेली खिडकी हे त्या बदलाचंच फळ.

दुसरं टोक हललं ते १९४७ मध्ये. पेशावर परदेश झालं आणि पंजाब मेल फिरोजपूरला थांबू लागली. तिथून पुढे हुसैनीवालाची सरहद्द आहे. इथे पहिला प्रश्न, मुक्कामाचा, किती जड असतो ते बघा. नॉर्थ वेस्टर्न रेल्वेची दोन शकलं झाली. लाहोरजवळचं मुघलपुऱ्याचं प्रचंड वर्कशॉप पलीकडे राहिलं. अलीकडे जे रूळ आले त्यांना गाड्या होत्या, पण त्या गाड्यांना दुरुस्त करणारं घर पलीकडे गेलं होतं. कारागिरांनी कोणता देश घ्यायचा ते आपापलं ठरवलं आणि हत्यारांच्या पेट्या उचलून इकडचे तिकडे, तिकडचे इकडे झाले. फाळणीवर आपल्या भाषेत आणि हिंदीत पुष्कळ लिहिलं गेलं आहे. त्यात माणसांनी भरलेल्या गाड्या आहेत. त्या गाड्यांचे सांधे बसवणारे फिटर क्वचितच आहेत.

मुंबईतलंच दुसरं उदाहरण कुलाब्याचं. बी.बी.सी.आय. रेल्वेचं टर्मिनस १८९६ पासून कुलाब्याला होतं. १ सप्टेंबर १९२८ ला सुरू झालेली फ्रंटियर मेल तिथूनच पेशावरला निघाली, फक्त ती बडोदा-रतलाम वाटेने जाई. १८ डिसेंबर १९३० रोजी क्लॉड बॅटली यांच्या आराखड्याचं, २१ महिन्यांत उभं राहिलेलं बॉम्बे सेंट्रल सुरू झालं आणि वर्ष संपता संपता कुलाबा स्टेशन बंद पडलं. चर्चगेटच्या दक्षिणेचे रूळ उखडले गेले. आज तिथे बधवार पार्क ही रेल्वेची वसाहत आहे. चर्चगेट त्यानंतर शेवटचं स्टेशन झालं, म्हणजे मधल्या एका स्टेशनाला टोकाचा मान फुकट मिळाला. टर्मिनस हलताना कुणाची तरी अशी लॉटरीही लागते. पण कुलाबा नावाचं स्टेशन होतं हे आज मुंबईत किती जणांना माहीत आहे?

आता जरा लांब जाऊ. टोक हलण्याचं सगळ्यांत स्वच्छ उदाहरण लंडनचं आहे, कारण ते आपल्या डोळ्यांदेखत, अगदी एका रात्रीत घडलं. समुद्राखालच्या बोगद्यातून पॅरिस आणि ब्रुसेल्सला जाणाऱ्या युरोस्टार गाड्या १९९४ पासून वॉटर्लू स्टेशनातून सुटत. निकोलस ग्रिमशॉ यांनी त्यासाठी काचेचं वळणदार छप्पर असलेलं पाच फलाटांचं नवं टर्मिनस बांधलं होतं. फ्रेंच माणसाने पहिलं पाऊल ठेवायचं ते नेपोलियनच्या पराभवाचं नाव असलेल्या स्टेशनात, ही गंमत त्यात होतीच. १३ नोव्हेंबर २००७ च्या रात्री तिथली शेवटची गाडी गेली आणि १४ नोव्हेंबरला सकाळी पहिली गाडी सेंट पँक्रसहून सुटली. नवा वेगवान मार्ग पुरा झाला होता. पॅरिसचा प्रवास वीसएक मिनिटांनी कमी होऊन सव्वादोन तासांवर आला. १८६८ चं ते जुनं स्टेशन. त्याच्या पोटातलं तळघर बियरची पिंपं ठेवायला बांधलेलं, आणि तिथले खांबही पिंपांच्या मापाने रोवलेले. तेच तळघर आता परदेशी जाणाऱ्या प्रवाशांची बसायची जागा झालं. हे सगळं छायाचित्रांत आलं, पेपरांत आलं.

आता आपले तीन प्रश्न विचारू. गाडी मुक्कामाला कुठे जायची? वॉटर्लूच्या काळात ती पश्चिम लंडनमधल्या नॉर्थ पोल नावाच्या डेपोत जायची. त्यासाठी रिकामी गाडी थेम्स ओलांडून, शहराच्या पश्चिमेला वळसा घालून नेत. टर्मिनस उत्तरेला गेलं तशी ही वाट निरुपयोगी झाली. नवा डेपो पूर्व लंडनमध्ये, टेम्पल मिल्सला, पूर्वी मालगाड्यांचं यार्ड होतं त्या जागी बांधला गेला. तिथे रोज कामाला येणाऱ्याची सकाळ पूर्वी शहराच्या पश्चिमेला उजाडायची, ती आता पूर्वेला उजाडू लागली. घरं मात्र होती तिथेच राहिली. नॉर्थ पोल काही वर्षं ओस पडला, मग त्यातल्या काही भागात दुसऱ्या गाड्यांची देखभाल सुरू झाली. वॉटर्लूचे ते पाच फलाटही असेच पडून राहिले. दक्षिण इंग्लंडच्या लोकल गाड्यांसाठी ते पुरते खुले व्हायला अकरा-बारा वर्षं गेली, आणि या सगळ्या काळात शेजारच्या फलाटांवर लोक खांद्याला खांदा लावून उभे होते.

तिसरा प्रश्न, गळणाऱ्या स्टेशनांचा. केंट परगण्यात ॲशफर्ड नावाचं गाव आहे. पूर्वी तिथे पुष्कळ युरोस्टार थांबत आणि त्या भरवशावर लोकांनी घरं घेतली, नोकऱ्या धरल्या. २००७ च्या नोव्हेंबरातच एब्सफ्लीट हे नवं स्टेशन उघडलं आणि ॲशफर्डचे बहुतेक थांबे तिकडे गेले. २०२० पासून दोन्ही ठिकाणी गाडी थांबत नाही. त्याहून मजेची गोष्ट स्ट्रॅटफर्डची. टेम्पल मिल्सच्या डेपोशेजारीच स्ट्रॅटफर्ड इंटरनॅशनल नावाचं स्टेशन २००९ मध्ये उघडलं. नावात इंटरनॅशनल आहे, पण परदेशी जाणारी एकही गाडी तिथे आजवर थांबलेली नाही. पाटी लावल्याने गाडी थांबत नसते, हे आपल्याकडच्या कित्येक साहित्य संस्थांनाही समजून घेण्यासारखं आहे. आपली सभा अर्थातच सोडून.

डेपोचं वजन किती, याचा पुरावा अगदी अलीकडचा आहे. लंडनहून युरोपला आणखी कंपन्यांनी गाड्या न्याव्यात असं सगळ्यांनाच वाटत होतं. बोगद्यात जागा होती, सेंट पँक्रसला फलाट होते. अडलं कशावर? मुक्कामावर. गाड्या ठेवायला आणि दुरुस्त करायला टेम्पल मिल्सशिवाय सोयीची जागा नव्हती आणि तिथेही मोकळी जागा थोडीच. अखेर ऑक्टोबर २०२५ मध्ये ब्रिटनच्या रेल्वे नियामकाने ती व्हर्जिनच्या पारड्यात टाकली. म्हणजे पॅरिसला कोण जाऊ शकेल हे टर्मिनसने ठरवलं नाही, कारशेडने ठरवलं.

वाचकहो, आता घरी येऊ. आपल्या शहराच्या नावांकडे एकदा मराठी कानाने बघा. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये उज्जैन सोडून किल्ल्याच्या दक्षिणेला तळ दिला. तो तळ उठलाच नाही, त्याचं लष्कर झालं. पलीकडे शिंदे की छावनी. अलीकडे कंपू. फौजेच्या पलटणींच्या तळाला लोक कंपू म्हणत. मराठीत तो शब्द घसरत घसरत कंपूबाजीपर्यंत गेला, ग्वाल्हेरात मात्र तो अजून इज्जतदार मोहल्ला आहे. लष्कर, छावणी, कंपू, तिन्ही शब्दांचा अर्थ एकच, मुक्कामाची जागा. म्हणजे आपलं शहर मुळात राजधानीच्या हलण्यातून जन्मलेला डेपो आहे. उज्जैनचं टोक हललं म्हणून आपल्या पूर्वजांच्या बैलगाड्या इथे सुटल्या. मुजुमदार, फडणीस, पागनीस, पुजारी, आचारी, गवई, सगळे त्या मुक्कामाचे लोक.

पुढे हेच टोक आपल्या हातून गेलं. १९४८ मध्ये मध्य भारत झाला तेव्हा राजधानी निम्मी आपल्याकडे आणि निम्मी इंदूरकडे होती, हिवाळ्यात इथे, उन्हाळ्यात तिथे. १९५६ मध्ये ती भोपाळला गेली. आपल्याला महालेखाकाराचं कार्यालय, महसूल मंडळ, उच्च न्यायालयाचं खंडपीठ असं काही काही मिळालं. टर्मिनस गेलं, यार्ड राहिलं, असं म्हणा हवं तर. ए.जी. ऑफिसात नोकरी करून निवृत्त झालेले निदान दहा जण आत्ता समोर बसले आहेत. ते हसत आहेत, म्हणजे हिशेब जुळला.

रेल्वेचंही तसंच झालं. १ एप्रिल २००३ पर्यंत ग्वाल्हेर मध्य रेल्वेत होतं. मुख्यालय मुंबई, व्ही.टी.ची ती इमारत. त्या दिवसापासून झाशी विभाग उत्तर मध्य रेल्वेत गेला आणि मुख्यालय अलाहाबाद, आताचं प्रयागराज झालं. गाड्या त्याच राहिल्या, पंजाब मेल, झेलम, गोवा एक्स्प्रेस, सगळ्या येतात-जातात. पण बदलीचा अर्ज, बढतीची परीक्षा, मुख्यालयातलं काम, यासाठी मुंबईकडे तोंड करून बसलेली रेल्वेतली घरं दुसरीकडे वळली. मुंबईशी असलेला एक रोजचा धागा कुणी तोडला नाही, त्याचं टोक फक्त दुसऱ्या खुंटीला बांधलं गेलं. त्याबद्दल आपल्या भाषेत एखादी कथा आलेली माझ्या तरी वाचनात नाही.

आणि आता छोटी लाईन. आपल्या रेल्वेची सुरुवात जेवणाच्या टेबलावरची नव्हे, हे आधी सांगून टाकतो. जयविलास महालात जेवणाच्या टेबलावरून ब्रँडी आणि सिगार घेऊन फिरणारी चांदीची गाडी प्रत्येक पाहुण्याला दाखवली जाते. तिच्या डब्यांवर शिंद्यांच्या नावाची इंग्रजी अक्षरं आहेत. ती बघून लोक समजतात की राजाला गाड्यांचा शौक होता. शौक होताच. पण त्याआधी जयाजीरावांनी आग्रा-ग्वाल्हेर मोठ्या लाईनीसाठी ७५ लाख रुपये कर्जाऊ दिले होते, आणि माधवरावांनी दोन फुटी रुळांवरची गाडी महालाच्या आवारातून बाहेर काढून चंबळच्या रानात नेली होती. १८९९ मध्ये भिंड आणि शिवपुरी. १९०४ मध्ये सबलगढ. १९०८ मध्ये वीरपूर. १९०९ मध्ये श्योपूर. हिशेब साधा होता. या भागात पाऊस बेभरवशाचा. दुष्काळात धान्य पोचवायला आणि एरवी माणसं आणायला रस्ता हवा, आणि मोठ्या लाईनीपेक्षा छोटी लाईन स्वस्तात होते. १९५१ मध्ये ती मध्य रेल्वेत सामील झाली.

श्योपूरची लाईन सुमारे २०० किलोमीटरची. गाडी दहा-अकरा तास घ्यायची. डब्यात जागा नसली की लोक टपावर बसायचे, ते तुम्हाला ठाऊक आहे. घोसीपुरा, मोतीझील, मिलावली, बामोर गाव, सुमावली, जौरा, कैलारस, सबलगढ ही नावं आपण पाठ केली नव्हती, ती ऐकून ऐकून तोंडात बसली होती. शिवपुरीची छोटी लाईन आधीच गेली, भिंडची मोठी झाली. श्योपूरची गाडी मात्र २०२० च्या मार्चपर्यंत चालली. टाळेबंदीत थांबली, आणि मग तिला परत सोडलंच नाही. ब्रॉडगेजचं काम तोवर मंजूर होतं, पुढे कोट्यापर्यंत, एकूण २८४ किलोमीटर.

मोठी लाईन यायला हवी होती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. श्योपूरच्या बाळंतिणीला ग्वाल्हेरच्या इस्पितळात पोचायला दहा तास लागावेत आणि आपण त्याला वारसा म्हणावं, हा निर्दयपणा आहे. जौरा, कैलारसकडे मोठ्या गाड्या धावू लागल्या आहेत आणि त्या धावाव्यातच. प्रश्न तिथे नाही. प्रश्न आपल्या त्या तिघांचा आहे.

वाट कुठून गेली? छोटी गाडी ग्वाल्हेर स्टेशनाच्या बाजूने निघून शहराच्या आतून, घरांच्या ओट्यांना लागून जायची. मोठी लाईन मात्र मुख्य मार्गाने उत्तरेला रायरूपर्यंत जाते आणि तिथून वळते. भिंडची मोठी लाईनही तशीच बिर्लानगरहून फुटते. म्हणजे चंबळकडे जाणाऱ्या वाटांचं तोंड शहरातून निघून शहराच्या उत्तरेला गेलं. शहराच्या आतला छोटा रूळ कुठेच जात नाही असा उरला आहे. स्टेशनं कोणती गळली? घोसीपुरा, मोतीझील, मिलावली. घोसीपुऱ्याच्या बाईला सुमावलीच्या माहेरी जायचं तर पूर्वी दाराशी गाडी होती. आता आधी टेंपोचं भाडं भरून मोठ्या स्टेशनावर यायचं, मग गाडी. गाडी वेगवान झाली, पण तिच्यासाठी स्टेशन लांब गेलं. हे दोन्ही एकाच वेळी खरं आहे, आणि अर्ज लिहिताना दोन्ही लिहावं लागतं.

मुक्कामाचं काय झालं? छोट्या लाईनीच्या शेडमध्ये जे काम चालायचं त्याचं सामान बाजारात मिळत नसे. दोन फुटी गाडीचा सुटा भाग हवा तर तो बहुधा घडवावा लागे. ब्रेकचा ठोकळा घासून बसवणारा, उतारावर ब्रेक किती धरायचा ते हाताच्या अंदाजाने सांगणारा, पावसात कोणत्या पुलाजवळ माती खचते ते जाणणारा गँगमन, यांची विद्या कुठल्याच पुस्तकात नाही. इंजिन चौथऱ्यावर उभं करता येतं. ही विद्या चौथऱ्यावर उभी राहत नाही. ती जाणणारी बरीच माणसं आज साठीच्या पुढे आहेत, हजिऱ्यापासून मुरारपर्यंत पसरून राहतात. बहुतेकांची भाषा हिंदी, ब्रज, काहींची उर्दू, आणि थोड्यांची आपली मराठी.

शहरातल्या त्या रुळांवर हेरिटेज गाडी चालवावी, असं अधूनमधून बोललं जातं. चालवावी. पण ती सहलीची गाडी असेल तर तिने आपली जबाबदारी संपत नाही. मी तीन साध्या गोष्टी मागतो. त्यातल्या दोन सरकारकडे आणि एक आपल्याकडे.

सरकारकडे पहिली ही की शहरातला छोट्या लाईनीचा पट्टा तुकड्या-तुकड्याने नाहीसा होऊ नये. घरांमधून जाणारी अशी सलग मोकळी जागा कोणत्याही शहराला पुन्हा विकत घेता येत नाही. तिच्यावर गाडी चालेल, किंवा पायवाट, किंवा सायकलची वाट होईल, ते पुढे ठरू दे. वॉटर्लूचे फलाट अकरा-बारा वर्षं पडून राहिले तरी जागेवर होते, म्हणून परत कामी आले. कुलाब्याचे रूळ उखडले, ते गेलेच. दुसरी ही की नव्या गाडीच्या वेळा ठरवताना घोसीपुरा आणि मोतीझीलच्या माणसाला स्टेशनपर्यंत आणणारी बस त्या वेळेला जोडलेली असावी. ॲशफर्डची गोष्ट माहीत असून आपण तीच चूक का करावी?

तिसरी मागणी या सभेकडे आहे. शेडमधल्या, रुळांवरच्या आणि त्या गाडीने दूध-भाजी आणणाऱ्या माणसांचं बोलणं आपण लिहून घ्यावं, ते ज्या भाषेत बोलतील त्या भाषेत. मराठी संस्थेने हिंदी आणि ब्रज बोलणं का टिपायचं, असं कुणी विचारेल. याचं उत्तर असं की इथली मराठी एकटी कधीच राहिलेली नाही. राजकवी भा. रा. तांबे याच शहरात राहिले आणि १९४१ मध्ये इथेच गेले, आणि त्यांच्या कवितेवर इथल्या हवेचा, गाण्याचा परिणाम आहे हे सगळे मानतात. १९६१ मध्ये इथे मराठी साहित्य संमेलन भरलं तेव्हा कुसुमावती देशपांडे यांच्या रूपाने पहिल्यांदा एका स्त्रीला अध्यक्षपद मिळालं. तो मान पुण्या-मुंबईच्या नव्हे, या मधल्या स्टेशनाच्या वाट्याला आला. आपण टोकाचं स्टेशन उरलो नाही म्हणून आपल्या हातून काही व्हायचं थांबलं, असं इतिहास सांगत नाही.

बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर इथून गाणं शिकून दक्षिणेला गेले. त्यांच्याकडून ते पलुसकरांकडे गेलं आणि महाराष्ट्रभर पसरलं. शिकवण्याची केंद्रं मिरजेला गेली, पुण्याला गेली, पण गाण्याला आजही ग्वाल्हेरचंच म्हणतात. का? कारण शिष्यांनी सांगताना प्रत्येक वेळी उगम सांगितला. नाव सांगत राहणारी माणसं असली की टोक हललं तरी वाट हरवत नाही.

आजी आता नाही. पण तिचा प्रश्न आपल्याला वापरता येण्यासारखा आहे. नवी गाडी येईल, फीत कापली जाईल, पेढे वाटले जातील, तेव्हा तुम्हीही पेढा घ्या. आणि शेजारच्या माणसाला विचारा, 'कुठून चढलात?' तो घोसीपुऱ्याचा असेल तर त्याचं उत्तर जरा सावकाश ऐका आणि घरी आल्यावर लिहून ठेवा. पुढच्या वर्षीच्या व्याख्यानापर्यंत अशी पन्नास उत्तरं जमली, तर या भाषणाचं सार्थक झालं असं मी समजेन.